वायू-विलगीकरण पटलांतील रंध्रमापन

वायू वेगळे करणाऱ्या पटलातील रंध्रे किती रुंद आहेत, हे ठरवण्याच्या पद्धतींना रंध्रमापन म्हणतात. नायट्रोजनच्या रेणूचा गतिज व्यास (रंध्रातून जाताना जाणवणारी रेणूची रुंदी) ०.३६४ नॅनोमीटर, तर मिथेनचा ०.३८; एवढ्याशा फरकावर विलगीकरण अवलंबून असल्याने नेहमीची साधने इथे तोकडी पडतात. पाण्याने भिजलेल्या १० नॅनोमीटरच्या रंध्रातून बुडबुडा बाहेर काढायलाच सुमारे २९० बार दाब लागतो. ७७ केल्विनवरील नायट्रोजन-अधिशोषणात (पृष्ठभागावर किती वायू चिकटतो, याच्या मोजमापात) एका टोकाला बंद असलेली आंधळी रंध्रे आणि जाड आधारथरही मोजले जातात; निवड करणारा पातळ थर त्यात हरवतो.

म्हणून वायू खरोखर ज्यांतून जातो तीच रंध्रे मोजणारी पर्मपोरोमेट्री अधिक विश्वसनीय. पटल तापवून पूर्ण कोरडे करतात आणि त्यातून हेलियमचा प्रवाह नोंदवतात. मग हेलियममध्ये हेक्झेनची वाफ टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात. केशिका-संघननाने (अरुंद जागेत वाफ लवकर द्रव होण्याने) आधी अरुंद, मग रुंद रंध्रे बुजतात आणि हेलियम घटत जातो. रंध्राचा व्यास आणि वाफेचा दाब यांची सांगड घालणाऱ्या केल्विन समीकरणानुसार २५ अंश सेल्सिअसला सापेक्ष बाष्पदाब (संपृक्त वाफेच्या दाबाशी असलेले प्रमाण) ०.१ असताना १.६५ नॅनोमीटर, ०.५ ला ५.५ आणि ०.९ ला सुमारे ३६ नॅनोमीटर व्यासापर्यंतची रंध्रे बंद होतात. भिंतीला चिकटलेल्या थराची जाडी यात वेगळी मिळवावी लागते.

घात बहुधा तापमान करते. पटलाचा कक्ष वाफ तयार करणाऱ्या बाटलीपेक्षा एकच अंश गरम असला, तर ०.९ वाटणारा बाष्पदाब प्रत्यक्षात ०.८६ असतो आणि २६ नॅनोमीटरचे रंध्र ३६ चे म्हणून नोंदले जाते. प्रत्येक टप्प्यावर प्रवाह स्थिरावेपर्यंत थांबावेच लागते. गळकी ओ-रिंग (सांधा बंद करणारे रबरी कडे) तर थेट मोठ्या रंध्रासारखी दिसते. त्यामुळे आधी रंध्रहीन चकती बसवून गळती तपासावी.

एक नॅनोमीटरच्या खाली द्रवाचा पृष्ठताण ही कल्पनाच डळमळते, म्हणून तिथे केल्विन व्यासावर भिस्त ठेवू नये. झिओलाइट (अतिसूक्ष्म रंध्रांचे स्फटिकी खनिज) पटलात हेक्झेनने सूक्ष्मरंध्रे भरल्यावरही जो हेलियम येत राहतो, तो दोषांमधून येतो, आणि पटलाची प्रत ठरवताना हाच आकडा सर्वांत मोलाचा. जोडीला हेलियम ते सल्फर हेक्झाफ्लोराइड (०.५५ नॅनोमीटर) असे वायू एकेक करून सोडतात. हायड्रोजन-नायट्रोजन पार्यतेचे (वायू किती सहज पार होतो, त्या मापाचे) गुणोत्तर ३.७ च्या आसपास आले, तर ते नुसते नुडसेन विसरण, म्हणजे रेणूच्या आकारावर नव्हे तर वजनावर ठरणारा प्रवाह; चाळणी नव्हे. दाब वाढवल्यावर पार्यता वाढली, तर मोठी भोके आहेत.

पॉलिमर पटलांत कायमची रंध्रे नसतात. तिथे पॉझिट्रॉनियमच्या (इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या अल्पजीवी जोडीच्या) आयुर्मानावरून मुक्त पोकळ्यांचा आकार काढतात.