औषध चालू आहे आणि स्पर्धाही आहे: खेळाडूंसाठी टीयूईचा अर्ज

दमा, मधुमेह, रक्तदाब, पीसीओडी असं काही निदान झालं की आमच्या ट्रॅकवर पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे मॅडम, आता खेळ बंद का?" खेळ बंद होत नाही. इन्सुलिन घेणारी, पंप ओढणारी मुलं राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाऊ शकतात. औषध डोपिंगच्या बंदीच्या यादीत असेल तर आधी परवानगी काढावी लागते, एवढंच. तिला सगळे टीयूई म्हणतात. सरळ मराठीत सांगायचं तर उपचारासाठी मिळणारी सूट. गेली काही वर्षं मी क्लबातल्या मुलामुलींचे हे अर्ज भरून घेते आहे. बहुतेक अर्ज कागदांपाशी अडतात, आणि ते कागद घरातच कपाटावरच्या एखाद्या पिशवीत पडलेले असतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी औषध तपासा

बंदी असलेल्या पदार्थांची यादी वाडा ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्था ठरवते आणि ती दरवर्षी १ जानेवारीपासून लागू होते. मुंबईच्या खेळाडूंनी ही तारीख लक्षात ठेवायलाच हवी, कारण आपली मुंबई मॅरेथॉन जानेवारीतच असते. २०२४ साली १ जानेवारीपासून ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक स्पर्धेच्या काळात बंद झालं, आणि मॅरेथॉन होती २१ जानेवारीला. डिसेंबरमध्ये चालणारी गोळी तीन आठवड्यांत चालेनाशी झाली. तेव्हा नवी यादी डिसेंबरमध्येच बघून ठेवा.

औषध तपासायला भारताच्या नाडा या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं 'नो युवर मेडिसिन' हे ॲप आहे. वेष्टनावरची सगळी घटकद्रव्यं एकेक करून टाका. वरचं मोठ्या अक्षरातलं नाव पुरेसं नसतं.

खोकल्याच्या औषधाचंच बघा. आपल्याकडच्या कितीतरी सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं आणि त्यावर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर, दोन्हीकडे बंदी आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी मुंबईच्या पृथ्वी शॉच्या नमुन्यात हेच सापडलं. त्याने ते अजाणतेपणी घेतल्याचं क्रिकेट मंडळाने मान्य केलं, तरीही आठ महिन्यांची बंदी लागली. नियमच तसा आहे: शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. "डॉक्टरांनी दिलं होतं", "मेडिकलवाल्याने दिलं" याने शिक्षा कमी होऊ शकते, पण दोष पुसला जात नाही.

रक्तदाबाच्या बऱ्याच जोडगोळ्यांत (एका गोळीत दोन औषधं) हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, ते यादीत आहे. पीसीओडीसाठी दिलं जाणारं स्पायरोनोलॅक्टोन आणि लेट्रोझोलही आहे. सूज, दमा यांवर देतात त्या कॉर्टिकोस्टेरॉइडच्या गोळ्या आणि त्यांचं कुठलंही इंजेक्शन, अगदी गुडघ्यात दिलेलंसुद्धा, स्पर्धेच्या काळात बंद आहे. 'स्पर्धेचा काळ' आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो, पण औषध शरीरातून जायला वेळ लागतो. गुडघ्यात ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड दिलं असेल तर वाडाने सुचवलेलं अंतर १० दिवसांचं आहे, तेच स्नायूत दिलं तर ६० दिवसांचं. इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना नाव विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या.

दम्याच्या पंपाबद्दल फार घबराट आहे, म्हणून नीट सांगते. सालब्युटामॉलचा पंप मर्यादेत चालतो: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कोणत्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही. पंपाचा एक झटका १०० मायक्रोग्रॅमचा असेल, तर दिवसात १६ आणि आठ तासांत ६. यासाठी टीयूई लागत नाही. पण नेब्युलायझरच्या एका छोट्या कुपीत २.५ मिलीग्रॅम, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम औषध असतं. एका वाफेतच मर्यादा ओलांडली. रात्री दम लागून कॅज्युअल्टीत वाफ घ्यावी लागली तर बेलाशक घ्या, जीव आधी. पण येताना त्या रात्रीचा केसपेपर घेऊनच या. तो का, ते पुढे येईल.

आणि सलाईन. ही आपली सवयच आहे. ताप उतरला, अंगात त्राण नाही, की गल्लीतल्या दवाखान्यात एक बाटली लावून घ्यायची. बारा तासांत १०० मिलिलीटरपेक्षा जास्त काहीही शिरेतून घेण्यावर बंदी आहे, मग बाटलीत नुसतं मिठाचं पाणी का असेना. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा निदानासाठीच्या तपासण्या यांच्या ओघात दिलेलं सलाईन याला अपवाद आहे. त्या बाटलीत बंदी असलेलं औषध मिसळलं असेल तर मात्र तिथेही परवानगी हवी.

अर्ज कोणी, कुठे करायचा

आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूने आपल्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे. राष्ट्रीय पातळीवरच्याने नाडाकडे. नाडाचं कार्यालय दिल्लीत असलं तरी तिकडे हेलपाटा घालायची गरज नाही, वाडाच्या एडम्स या ऑनलाइन प्रणालीतून अर्ज करता येतो. २०१९ च्या ऑगस्टपासून क्रिकेटपटूही नाडाच्याच कक्षेत आहेत. नाडाने दिलेली सूट आंतरराष्ट्रीय महासंघ आपोआप मानतोच असं नाही. परदेशी स्पर्धेआधी ती तिथे मान्य आहे का हे लेखी विचारून घ्या.

जिल्हा किंवा हौशी पातळीवर खेळणाऱ्याची चाचणी झाली, तर त्याला नंतरही अर्ज करता येतो. पण नंतर अर्ज करायलाही जुने कागद लागतातच. हौशी असलात तरी फाइल तयार ठेवा. आपण नक्की कोणत्या गटात मोडतो याची शंका असेल तर नाडाला ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

समिती काय बघते

निर्णय डॉक्टरांची समिती घेते. तिला चार गोष्टी पटाव्या लागतात. आजाराचं निदान पुराव्यानिशी झालेलं आहे आणि त्यासाठी हे औषध लागतंच. औषधाने माणूस नेहमीच्या तब्येतीवर येईल, त्यापलीकडे खेळात जास्तीचा फायदा होणार नाही. बंदी नसलेला दुसरा योग्य उपचार उपलब्ध नाही. आणि चौथी गोष्ट मी जिममध्ये जाणाऱ्या पोरांना मुद्दाम सांगते: आधी परवानगीशिवाय बंदी असलेला पदार्थ घेतल्यामुळे हा उपचार लागत नसावा. वर्षभर शरीर कमावण्याची स्टेरॉइड टोचली, शरीरातलं टेस्टोस्टेरॉन ढासळलं आणि आता ते भरून काढायला डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन लिहून दिलं, तर ही सूट मिळत नाही. पावडरी, फॅट बर्नर, 'शक्तिवर्धक' चूर्णं यांचा तर या अर्जाशी संबंधच नाही. सूट आजारावरच्या औषधाला असते, सप्लिमेंटला नाही.

कागद

आमच्याकडे ८०० मीटर धावणारी एक मुलगी आहे, तेव्हा सतरा वर्षांची. नवव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह. इन्सुलिनवर कायमची, म्हणजे स्पर्धेबाहेरही, बंदी आहे, त्यामुळे टीयूईला पर्याय नव्हता. तिची आई साडीच्या दुकानाची एक पिशवी भरून कागद घेऊन आली. मी ते जमिनीवर तारखेनुसार मांडले. तीस-एक केसपेपर होते आणि जवळपास प्रत्येकावर इन्सुलिनची युनिट्स आणि खाली तीन अक्षरं: 'सीएसटी'. म्हणजे आहे तेच औषध चालू ठेवा. आठ वर्षं औषध चालू होतं, पण निदान कसं झालं हे सांगणारा एकही कागद नव्हता. तशाच अवस्थेत आम्ही अर्ज पाठवला आणि तो अपूर्ण म्हणून परत आला. चूक माझीच होती, घाई केली.

मग मुलगी नऊ वर्षांची असताना तिला जिथे दाखल केलं होतं, त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात आईने अर्ज देऊन जुन्या डिस्चार्ज कार्डाची प्रत काढली. त्यावर दाखल होतानाची साखर, लघवीतले किटोन, सगळं होतं. तिच्या मधुमेहतज्ज्ञांनी नव्याने एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं) या तपासण्या करून घेतल्या आणि दीड पानाचं पत्र दिलं. दुसऱ्या खेपेला अर्ज मंजूर झाला.

त्या पत्रावर सगळा भर असतो, म्हणून डॉक्टरांपुढे बसूनच ते लिहून घ्या. आजाराचं नाव, तो केव्हा आणि कशावरून ठरला, औषधाचं मूळ नाव, डोस, तोंडाने की इंजेक्शनने, दिवसातून किती वेळा, किती काळ, आणि बंदी नसलेली औषधं का चालत नाहीत किंवा आधी देऊन बघितली तर काय झालं. हे शेवटचं वाक्य डॉक्टर हमखास विसरतात. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि तारीख. अर्जात डॉक्टरांचा भाग डॉक्टरांनीच भरायचा आणि सही करायची. तुमचा भाग इंग्रजी मोठ्या अक्षरांत किंवा टाइप करून, खाडाखोड न करता भरा. खेळाडू अठराच्या आतला असेल तर पालकांचीही सही लागते. सोबत निदान सिद्ध करणारे रिपोर्ट जोडा: दम्याला पंप घेण्याआधीची आणि नंतरची फुफ्फुसांची चाचणी, सांध्याच्या दुखण्याला एमआरआयचा अहवाल, असं आजारानुसार. कागद मराठीत असतील तर डॉक्टरांकडून इंग्रजी सारांश घ्या. मोबाइलवर काढलेले सावलीचे फोटो पाठवू नका, दुकानात जाऊन सरळ स्कॅन करून घ्या.

पीसीओडीचे अर्ज घरचेच टाळतात, हे मी वारंवार बघते. मुलीचा आजार चारचौघांत जाईल ही भीती असते. समितीवर गोपनीयता पाळण्याचं बंधन आहे. तुमचा रिपोर्ट निवड समितीच्या टेबलावर जात नाही. अर्ज न करता पकडली गेली तर मात्र पोरीचं नाव पेपरात येतं.

वेळेचं गणित

फक्त स्पर्धेच्या काळात बंद असलेल्या औषधासाठी स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी अर्ज जायला हवा. म्हणजे जानेवारीच्या मॅरेथॉनसाठी डिसेंबरच्या मध्यापर्यंत. कायम बंद असलेल्या औषधासाठी निदान झालं त्याच आठवड्यात. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून साधारण २१ दिवसांत निर्णय येतो. 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा आहे. एक रिपोर्ट राहिला तर ते २१ दिवस सुरूच होत नाहीत. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत औषध सुरू करायचं नाही.

अपवाद तातडीचा. दम्याचा अटॅक, ॲलर्जीचा झटका, अपघात, किंवा इन्सुलिनसारखं थांबताच न येणारं औषध. तिथे उपचार आधी आणि अर्ज नंतर करता येतो, याला मागाहूनची सूट म्हणतात. त्या रात्रीच्या केसपेपरवर वेळ, लक्षणं आणि दिलेलं औषध हे सगळं असेल तरच हा अर्ज उभा राहतो. तो केसपेपर मागायला संकोचू नका.

डोप चाचणीला बोलावलं की मंजुरीपत्राची प्रत दाखवा आणि फॉर्मवर गेल्या सात दिवसांतली सगळी औषधं लिहा, क्रोसिनसुद्धा. पण फॉर्मवर लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली, असं नाही. ही गल्लत फार होते. किमान ९० मिलिलीटर लघवी द्यावी लागते आणि तुमच्यासोबत एक प्रतिनिधी नेण्याचा तुम्हाला हक्क आहे. लहान मुलांना एकटं पाठवू नका.

अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी येतं. कमी पडलेला पुरावा जोडून नव्याने अर्ज करता येतो, किंवा अपील करता येतं. मुदत निर्णयपत्रात असते, ती चुकवू नका. तोवर औषध आणि स्पर्धा एकत्र नाहीत.

मंजुरी मिळाली तरी ती त्याच औषधाला, त्याच डोसला आणि तेवढ्याच काळापुरती असते. डॉक्टरांनी डोस वाढवला किंवा औषध बदललं तर लगेच कळवावं लागतं. इन्सुलिनसारख्या औषधाला बऱ्याच वर्षांची मंजुरी मिळू शकते, पण दरवर्षी डॉक्टरांची तपासणी व्हावी लागते. आमच्या त्या मुलीची आई आता नव्या वर्षाचं कालनिर्णय भिंतीवर लागलं की आधी ती तपासणीची तारीख लाल पेनाने गोल करते. साडीच्या दुकानाची पिशवी गेली, निळी बॉक्स फाइल आली, आणि तिच्यात सगळ्यात वर ते जुनं डिस्चार्ज कार्ड आहे.