पार्श्वभूमी : विषय साताऱ्याचे, सभागृह मात्र उशिरा

फेब्रुवारी तोंडावर आला की साताऱ्यातल्या महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर व्याख्यानांचे कागद लागू लागतात. सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांचा शोध जाहीर केला. तो दिवस १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो आणि त्याच्या आगेमागे पाहुण्या वक्त्यांचा हंगाम असतो. अलीकडे या कागदांवर एक फरक दिसतो. पूर्वी रसायनशास्त्राचा कागद रसायनशास्त्राच्या व्हरांड्यात लागायचा आणि तिथेच वाळायचा. आता एकाच कागदावर भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र, संगणक, अर्थशास्त्र असे एकाखाली एक विषय असतात आणि वरती ‘विद्यापीठ’ असा शब्द असतो.

हा शब्द सातारकरांना अजून पुरता सवयीचा झालेला नाही. पदवीच्या परीक्षेचे पेपर जिकडे तपासायला जातात ते विद्यापीठ, अशी इथली साधी व्याख्या होती. आधी ते मुंबईला जायचे, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर पुण्याला, आणि १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर कोल्हापूरला. गुणपत्रिकेत चूक निघाली की पहाटेची एस.टी. धरून सव्वाशे किलोमीटर जायचं, खिडकीशी उभं राहायचं आणि रात्री परत यायचं, हा विद्यापीठाचा बहुतेकांना आलेला अनुभव. तिथे कुणी व्याख्यान देतं आणि ते आपणही ऐकू शकतो, हे डोक्यातच नसायचं.

मग २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. हे समूह विद्यापीठ आहे, म्हणजे नवी जमीन घेऊन नव्या इमारती न बांधता, चालू असलेली महाविद्यालयं एकत्र करून केलेलं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये तशी सोय आहे. इथे यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स ही तीन एकत्र आली. तिन्ही रयत शिक्षण संस्थेची. विज्ञान, कला, वाणिज्य अशी सरळ वाटणी असलेली ही तीन घरं एका उंबऱ्यात आल्यावर एकाच कागदावर सगळ्या शाखा येणं ओघानं आलंच.

पण हे इतक्या उशिरा का झालं, याचं उत्तर रयतच्या इतिहासात आहे. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघालं आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. या सगळ्या काळात प्रश्न एकच होता : ज्या घरात कुणी शाळेत गेलं नाही तिथलं पोर मॅट्रिकपर्यंत कसं न्यायचं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवायची, त्यांच्या भाकरीचं बघायचं, ‘कमवा आणि शिका’ म्हणत शेतात राबून फी भागवायची. अशा संस्थेनं पन्नासच्या दशकात संशोधन का केलं नाही असं विचारणं म्हणजे विहीर खणणाऱ्याला कारंजं का नाही म्हणून विचारणं. पहिली पिढी शिक्षक झाली, दुसरी प्राध्यापक, आणि तिसरीतली मुलं पीएच.डी.ची खुली मौखिकी द्यायला लागली. त्या मौखिकीला गावाकडून फेटा बांधलेले वडील येतात, एक अक्षर न समजता दोन तास ताठ बसतात आणि निकाल जाहीर झाला की परीक्षकांच्या हातात कंदी पेढ्यांचा बॉक्स देतात. साताऱ्यापुरतं पाहिलं तर संशोधनाचं पहिलं जाहीर व्याख्यान हेच, असं मला वाटतं.

आता गंमत अशी की, महाविद्यालयांत संशोधन नव्हतं तेव्हाही जिल्ह्यात ते भरपूर चालू होतं. फक्त ते कॉलेजच्या कुंपणाबाहेर होतं.

फलटण तालुक्यातलं पाडेगाव घ्या. १९३२ पासून तिथे ऊस संशोधन केंद्र आहे. नीरा कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, पाठोपाठ जमिनी चोपण आणि खारवट होऊ लागल्या. तेव्हा माती आणि ऊस दोन्ही एकत्र अभ्यासावे लागले. को ८६०३२ या वाणाचं नाव ‘नीरा’ आहे हे किती जणांना माहीत असेल कोण जाणे, कारण शेतकरी त्याला आकड्यानंच ओळखतो. ‘दोनशे पासष्ट लावलाय’ म्हणणाऱ्यालाही आपण फुले २६५ हे पाडेगावचं संशोधन शेतात उभं केलंय असं वाटत नसतं. फलटणलाच १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था निघाली. करडई, गोड ज्वारी आणि जुळी कोकरं देणाऱ्या मेंढ्यांवरचं तिचं काम देशात माहीत आहे. महाबळेश्वरला गहू गेरवा, म्हणजे तांबेरा रोग, संशोधन केंद्र आहे. गव्हावरच्या तांबेऱ्याला तिथली थंड, दमट हवा मानवते, म्हणून रोगाला तोंड देणारं वाण निवडायचं तर तिथेच पेरून बघायचं.

त्याच महाबळेश्वरात २०१२ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली. ढगात शिरायला एरवी विमान लागतं. इथे पावसाळ्यात ढगच खाली उतरून खिडकीशी येतो. पर्यटक ज्याला धुकं म्हणून फोटो काढतात त्यातले थेंब तिथली यंत्रं मोजत असतात. मांढरदेवच्या डोंगरावर त्याच संस्थेचं रडारही बसलं. काळूबाईला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्याची चौकशी केली असेल.

आणि कास. पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं आणि गर्दी वाढली, पण वनस्पतिशास्त्राची माणसं त्याआधी कित्येक वर्षं तिथे गुडघे टेकून बसलेली होती. जांभ्याच्या कातळावर पावसाळ्यात जी डबकी साठतात त्यांत वायतुरा उगवतो. त्याचा तुरा वर जाऊन दुभागतो, इंग्रजी वाय अक्षरासारखा. १९८२ मध्ये या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हा तिच्या नावात ‘सातारेन्सिस’ आलं. म्हणजे जगातल्या कुठल्याही वनस्पतिशास्त्रज्ञाच्या तोंडी साताऱ्याचं नाव आहे, ते एका डबक्यातल्या तुऱ्यामुळे.

सगळ्यात मोठा विषय अर्थातच कोयना. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या सुमाराला झालेल्या भूकंपानं कोयनानगर कोसळलं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. त्याआधी पाचेक वर्षं शिवाजीसागर जलाशय भरू लागला होता आणि तेव्हापासूनच परिसरात बारीक धक्के जाणवत होते. दख्खनचं पठार स्थिर, इथे मोठा भूकंप होत नाही, या समजुतीला त्या पहाटेनं तडा दिला. जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळू शकते का, हा प्रश्न घेऊन जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ इथे आले, आणि आज या विषयावरच्या कुठल्याही चर्चेत कोयनेचं उदाहरण टळत नाही. कारण सोपं आहे : वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात इतकी वर्षं सतत धक्के देणारी, आजूबाजूला दुसरं मोठं भूकंपक्षेत्र नसलेली अशी जागा दुसरीकडे सहज सापडत नाही. पाण्याचा भार आणि पाणी झिरपून खडकांच्या भेगांत वाढणारा दाब, या दोहोंचा हिशेब इथे मांडता येतो. आधीच ताणलेल्या खडकाला एवढं निमित्त पुरतं.

हा हिशेब कागदावर मांडून भागेना तेव्हा जमिनीतच उतरायचं ठरलं. भूविज्ञान मंत्रालयानं कराडला खोल विंधनछिद्रांच्या संशोधनाची प्रयोगशाळा काढली आणि गोठण्याला तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं. ते २०१७ मध्ये पुरं झालं. वरचा सव्वा किलोमीटर बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक. सह्याद्रीच्या पोटात काय आहे ते आजवर तर्कानं सांगितलं जायचं. आता त्याचे नळकांडीसारखे दगडी तुकडे खोक्यांत क्रमांक घालून ठेवलेले आहेत.

पाटण तालुक्यातल्या माणसाला या सगळ्यातलं काय मिळालं? वर्तमानपत्रातली दोन ओळींची बातमी : कोयना परिसराला सौम्य धक्का, केंद्रबिंदू हेळवाकपासून अमुक किलोमीटरवर. निबंध परदेशी नियतकालिकांत छापले गेले, परिषदा हैदराबादला आणि दिल्लीला झाल्या. ज्यांच्या भिंतींना भेगा गेल्या त्यांच्यासमोर कुणी फलक लावून ‘बाबांनो, हे असं आहे’ म्हणणं क्वचितच घडलं. म्हणूनच जिल्ह्याच्या ठिकाणी, जिल्ह्यातल्या मुलांसमोर भूशास्त्रावरचं व्याख्यान होतं तेव्हा मला ते इतर शंभर कार्यक्रमांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

कॉलेजच्या कुंपणाच्या आत संशोधन शिरलं ते वेगळ्या दारानं. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात ‘थिन फिल्म’चं, म्हणजे पदार्थाच्या अतिपातळ थरांचं, काम जोरात होतं आणि तिथे पीएच.डी. झालेली माणसं सातारा, कराड, सांगलीच्या महाविद्यालयांत प्राध्यापक झाली. येताना ती एक असं तंत्र घेऊन आली ज्याला पैसे लागत नाहीत. निर्वात पंप नको, परदेशी यंत्र नको. काचेच्या चंचुपात्रात कॅडमियमचा क्षार घ्या, अमोनिया घाला, थायोयुरिया घाला, पात्र पाण्याच्या तापत्या भांड्यात ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाची स्वच्छ धुतलेली काचपट्टी त्यात उभी सोडा. थोड्या वेळात द्रावण पिवळं पडतं. तासाभरानं पट्टी बाहेर काढून ऊर्ध्वपातित पाण्याखाली धरली की वरचा सैल गाळ निघून जातो आणि काचेला चिकटलेला पिवळा, पारदर्शक थर राहतो. हळदीचा हात लागावा तसा. तो थर कॅडमियम सल्फाइडचा, सौरघटात वापरतात तो. कॅडमियम विषारी, हातमोजे हवेतच. सगळीकडे ते असायचेच असं नाही, तो भाग निराळा.

मोजमापाला मात्र कोल्हापूर गाठावं लागे. थरातल्या स्फटिकांची रचना तपासणारं क्ष-किरण विवर्तनाचं यंत्र तिथे. डबीत कापूस घालून त्यात पट्ट्या ठेवायच्या, डबी मांडीवर घेऊन प्रवास करायचा आणि नंबर लागेपर्यंत थांबायचं. या भागातल्या एका अख्ख्या पिढीचं संशोधन असं मांडीवरून गेलेलं आहे. आजही इथल्या भौतिक आणि रसायनशास्त्राच्या व्याख्यानांत थर, नॅनोकण, वीज साठवणारा सुपरकपॅसिटर हे शब्द इतक्या वेळा का येतात, त्याचं मूळ त्या चंचुपात्रात सापडतं.

मधल्या काळाबद्दल फार बरं लिहिता येणार नाही. २०१० च्या यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीला गुणांचं कोष्टक जोडलं. परिषदेत निबंध वाचला की गुण, व्याख्यान दिलं की गुण, आणि महाविद्यालयाला नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, अहवालात दाखवायला कार्यक्रम. मग राष्ट्रीय चर्चासत्रांचा सुकाळ झाला. उद्घाटन दीड तास, शाल-श्रीफळ, निबंधवाचनाला प्रत्येकी पाच मिनिटं, आणि जेवणानंतर सभागृहात उरलेली मुलं प्रमाणपत्रासाठी थांबलेली. एका चर्चासत्रात मी स्वतः एका रिकाम्या खोलीत अध्यक्ष आणि दुसरा वक्ता यांच्यासमोर निबंध वाचला आहे. तिसरा चहाला गेला होता.

याच काळात एक गोष्ट मात्र बरी रुजली. २००६ पासून राज्यात ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा सुरू झाली. मानव्यविद्यांपासून औषधनिर्माणशास्त्रापर्यंत सहा गट, आणि मुलानं स्वतः पोस्टरपुढे उभं राहून सांगायचं. शेतीवाल्याच्या शेजारी वाणिज्यवाला उभा, परीक्षक येईपर्यंत दोघं एकमेकांचं पोस्टर वाचतात. आंतरविद्याशाखीय हा बोजड शब्द त्या दीड फुटांच्या अंतरात घडताना मी पाहिला आहे.

भाषेचं दुखणं तेवढं जुनंच आहे, आणि त्यावर झालेलं मोठं काम साताऱ्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश आकाराला आला, त्याचा पहिला खंड १९७६ चा. गणित, प्राणिशास्त्र, संस्कृत, अर्थशास्त्र जाणणारी माणसं तिथे एकाच कार्यालयात बसून शब्दांवरून वाद घालत. ‘ऊष्मागतिकी’सारखे शब्द त्या वर्तुळातले. वर्गात मुलं ‘थर्मो’ म्हणतात आणि तेही चालतंच. पण सभागृहात फळा इंग्रजी, वक्ता इंग्रजी-मराठी मिसळून आणि प्रश्न मराठीत, अशी तिहेरी कसरत चालते तेव्हा वाईचा एखादा शब्द अचानक उपयोगी पडतो. चांगला वक्ता पहिल्या पाच मिनिटांत श्रोते कुठले हे ओळखतो आणि इंग्रजी सोडून देतो. पडद्यावरची अक्षरं इंग्रजीच राहतात, त्याला कुणाची हरकत नसते.

बाकी व्यवस्था आहे तशीच. पहिल्या दोन रांगा पाहुण्यांसाठी रिकाम्या, प्रोजेक्टरची केबल वक्त्याच्या लॅपटॉपला न बसणारी, आणि ती बसवणारा प्रयोगशाळेतला परिचर हाच कार्यक्रमाचा खरा आधार. वेळापत्रक मात्र वक्त्याच्या सोयीनं ठरत नाही. निम्मी मुलं पाटण, मेढा, कोरेगाव, दहिवडीकडून रोज ये-जा करणारी. साडेतीनच्या पुढे व्याख्यान लांबलं की मागच्या बाकांवरच्या पिशव्या एकेक करून उचलल्या जातात. म्हणून जाणते संयोजक कोयनेचं व्याख्यान सकाळी ठेवतात. पाटणची मुलं तेव्हा आलेली असतात आणि प्रश्नही त्यांनाच जास्त पडतात.