द लॉस्ट वर्ल्ड (१९२५)

आर्थर कॉनन डॉईल यांच्या १९१२ सालच्या कादंबरीवरचा अमेरिकी मूकपट. दिग्दर्शक हॅरी हॉइट, निर्मितीसंस्था फर्स्ट नॅशनल, मोहिमेचा म्होरक्या प्रोफेसर चॅलेंजरच्या भूमिकेत वॉलेस बीरी. दक्षिण अमेरिकेतल्या दुर्गम पठारावर डायनोसॉर अजून जिवंत आहेत, हे कथासूत्र चित्रपटाने ठेवले, शेवट बदलला. कादंबरीत लंडनला टेरोडॅक्टिल (उडणारा प्राचीन सरीसृप) येतो. चित्रपटात कड्यावरच्या झुंजीत खाली चिखलात पडलेला ब्रॉन्टोसॉरस (लांब मानेचा अवाढव्य डायनोसॉर) लंडनला नेला जातो, तिथे सुटतो आणि त्याच्या वजनाने टॉवर ब्रिज कोसळतो. पडद्यासाठी हा बदल फार चांगला झाला.

चित्रपट आजही पाहावा तो विलिस ओब्रायन यांच्या स्टॉप मोशनसाठी, म्हणजे प्रतिकृती एकेका फ्रेमला थोडी हलवून केलेल्या चित्रणासाठी. मार्सेल डेलगाडो यांनी घडवलेल्या डायनोसॉरच्या बहुतेक प्रतिकृती दीड फुटाच्या आसपास होत्या: आत धातूचा सांधेदार सांगाडा, त्यावर स्पंजचे स्नायू, वरून रबराची कातडी. काहींच्या पोटात रबरी फुगा असे. त्यातली हवा थोडीथोडी कमीजास्त केली की प्राणी श्वास घेताना दिसे. प्रतिकृती किंचित हलवायची, हात बाहेर काढायचा, एक फ्रेम टिपायची, पुन्हा हलवायची. सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तरी मिनिटाला ९६० होतात. झुंजीत दोन्ही प्राण्यांचे पाय, मान, शेपूट, जबडे कुठे चालले होते हे सतत ध्यानात ठेवावे लागते. एक जरी विसरला तरी हालचाल अडखळते. दिव्याचा प्रकाश बदलला की चित्र लुकलुकते, टेबलाला धक्का लागला की सगळा देखावा उडी मारतो, खरी पाने दिव्यांच्या उष्णतेने माना टाकतात. अशा वेळी बहुधा शॉट पहिल्यापासून घ्यावा लागतो.

नट आणि प्राणी एकाच चौकटीत आणायला लेन्सपुढचा काही भाग झाकून आधी एक चित्रण करत, मग फिल्म मागे गुंडाळून उरलेल्या भागात दुसरे. जोडरेषा खडकाच्या किंवा पाण्याच्या कडेने नेली तर ती नजरेत येत नाही.

२ जून १९२२ रोजी डॉईल यांनी न्यूयॉर्कमध्ये जादूगारांच्या मेजवानीत चित्रपटासाठी केलेली डायनोसॉरची चाचणीची दृश्ये दाखवली आणि ती कशी केली हे त्या रात्री गुलदस्त्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याची बातमी होती.

१९२९ मध्ये चित्रपट मागे घेऊन प्रती नष्ट करण्यात आल्या. घरगुती प्रक्षेपणासाठी काढलेली, जवळपास निम्मी कापलेली आवृत्तीच अनेक दशके पाहायला मिळे. चेकोस्लोव्हाकियात सापडलेल्या प्रतीमुळे बराचसा भाग परत जोडता आला. काही तुकडे अजूनही नाहीत.