बोजोले नुवो आणि बोजोले क्रू : केळ्याचा वास द्राक्षाचा नाही

बोजोले नुवो, म्हणजे फ्रान्सच्या बोजोले प्रदेशातली त्याच वर्षीची ताजी वाइन, बहुतेकांच्या ओळखीची आहे. नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार, भडक लेबल, थंड करून प्यायची जांभळट लाल वाइन, पिकल्या केळ्याचा वास. आली की दोन-चार महिन्यांत संपवायची. तिच्याविषयी एवढं पुरे.

घोळ होतो तो मोर्गों, फ्लरी, मुलाँ-आ-वाँ अशा बाटल्या समोर आल्यावर. याही बोजोलेच्याच, त्याच गामे द्राक्षाच्या, पण लेबलवर ठळक असतं ते गावाचं, टेकडीचं किंवा पवनचक्कीचं नाव. ‘बोजोले’ शब्द बरेचदा शोधूनही सापडत नाही. असे दहा भाग आहेत, सगळे प्रदेशाच्या उत्तरेकडे, बरेचसे ग्रॅनाइटच्या उतारांवर. त्यांना क्रू म्हणतात, आणि त्यांची वाइन नुवो म्हणून विकायला परवानगीच नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे जेवायला आलेल्या मित्राने फ्लरीचा ग्लास हुंगला आणि विचारलं, “ही गामे कशी? केळ्याचा वास कुठाय?” हा प्रश्न मी आजवर इतक्या जणांकडून ऐकलाय की आता नीट लिहूनच टाकतो.

केळ्याचा वास टाकीत तयार होतो. नुवोसाठी घड न चिरडता अख्खेच बंद टाकीत भरतात. वरच्या वजनाने तळाचे मणी फुटतात, त्यांचा रस आंबू लागतो, त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड टाकीभर पसरतो आणि वरच्या मण्यांच्या आत, साल शाबूत असतानाच, आंबण्याची क्रिया सुरू होते. सालीतून रंग लवकर उतरतो. तुरटपणा उतरायला वेळ लागतो. तो वेळ नुवोला मिळत नाही, चार-पाच दिवसांत घड दाबून रस काढून घेतात. अशा झटपट आंबवणीत, त्यातून खास वासासाठी निवडलेलं यीस्ट घातलं की, आयसोअमिल अ‍ॅसिटेट भरपूर तयार होतं. खऱ्या केळ्याच्या वासातही मुख्य वाटा त्याचाच.

क्रू करणारे पुष्कळ जण अख्खे घडच घालतात, पण ते दहा दिवस, दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त ठेवतात. काही जण उत्तरेच्या शेजारी बर्गंडी प्रदेशाच्या पद्धतीने देठ काढून घेतात. पुढे वाइन कित्येक महिने टाकीत किंवा जुन्या लाकडी पिंपात राहते. मग केळं मागे पडतं आणि गामे स्वतः बोलू लागतं: फ्लरीत फुलं, मोर्गोंत चेरी, मुलाँ-आ-वाँमध्ये मसाल्याची झाक आणि हिरड्यांना जाणवेल असा तुरटपणा. मोर्गों मुरली की तिच्यासाठी फ्रेंचमध्ये ‘मोर्गोने’ असं वेगळं क्रियापदच आहे.

त्यामुळे नुवो जपून ठेवली की क्रू होईल, ही समजूत सोडा. तांदूळ वर्षभर ठेवला तर जुना होतो, भात मोकळा होतो. नुवो ठेवली तर फक्त शिळी होते.

गामेला कमी लेखायची खोड तशी जुनीच. १३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याने ते आपल्या मुलखातून उपटून टाकायचं फर्मान काढलं होतं. दक्षिणेला, बोजोलेच्या ग्रॅनाइटवर, त्याला हक्काची जागा मिळाली.

जेवणाचं म्हणाल तर नुवोबरोबर सोसिसोंचे (सुकवलेल्या सॉसेजचे) काप, पाते (वाटलेल्या मांसाचा प्रकार), पाव. तिला बीफच्या स्टेकसमोर बसवू नका, दोन घासांत तिची चव पुसली जाते. क्रूला खरं ताट हवं. लियों शहराच्या खानावळींत, म्हणजे बुशोंमध्ये, मोहरी लावलेली आंदुयेत खाताना मोर्गों घ्यावी. तिची आंबट धार आतड्यांच्या त्या सॉसेजचा चरबट जडपणा कापते. फ्लरीला भाजलेली कोंबडी आणि मश्रूम. कोक ओ वँ, म्हणजे वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी, असेल तर मी मुलाँ-आ-वाँच उघडतो, दुसरं काही नाही.

आणि क्रू ‘रूम टेंपरेचर’ला द्यायची नाही! पंचवीस अंशांवर अल्कोहोलचा भपका येतो, फुलांचा वास दबतो. चौदा-पंधरा अंश हवेत. प्यायच्या आधी फ्रिजमध्ये ठेवून तेवढी थंड करा, आणि ग्लास अर्ध्याहून कमी भरा.