दुर्मीळ आजाराच्या रुग्णाची माहिती संशोधनाला देताना प्रस्ताव कुठे अडतो

‘रुग्णाचे नाव काढून माहिती पाठवली जाईल.’ गोपनीयतेच्या रकान्यात एवढेच वाक्य लिहिले असेल, तर प्रस्ताव एथिक्स कमिटीकडून, म्हणजे संशोधनाचे नैतिक परीक्षण करणाऱ्या समितीकडून, परत येणार हे धरून चाला. मधुमेहाच्या अभ्यासात ते कदाचित खपून जाईल. पण ‘गोशे आजार (एक दुर्मीळ आनुवंशिक आजार), वय ४, मुलगा, तालुका जत, आईवडील मामेभाऊ-आतेबहीण’ अशी ओळ लिहिली की नावाची गरजच उरत नाही. त्या भागातली कोणतीही आशाताई घर सांगेल. सांगली-साताऱ्यातले बहुतेक प्रस्ताव इथेच अडायला हवेत, आणि अडतात ते चांगलेच आहे.

मग द्यायचे काय? जन्मतारखेऐवजी वय, अगदी लहान मूल असेल तर महिन्यांत. तपासणीच्या तारखांऐवजी पहिल्या भेटीपासूनचे दिवस. गाव आणि तालुका नाहीच. पिनकोडचे पहिले तीन आकडे ठेवायची पद्धत आहे, पण आपल्याकडे तिच्यात एक खोच आहे. ४१५ मध्ये सातारा आणि रत्नागिरी तर येतातच, शिवाय सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर, शिराळा, विटाही येतात. म्हणून ‘४१५’ आणि ‘जिल्हा सांगली’ हे दोन्ही रकाने एकत्र ठेवले तर शोध मोजक्या तालुक्यांवर येतो. दोन्हींपैकी एकच ठेवा. आजाराला ऑर्फा कोड (दुर्मीळ आजारांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि लक्षणांना एचपीओ संज्ञा (लक्षणांची प्रमाणित यादी) वापरा. मोकळ्या ‘शेरा’ रकान्यात कुणीतरी ‘वडील साखर कारखान्यात’ असे लिहितोच, म्हणून तो रकाना काढून टाका. वंशावळीत नात्यातल्या लग्नाची दुहेरी रेघ संशोधनाला हवी असते, ती राहू द्या. नावे, आडनावे आणि गावे खोडा.

खरी नावे आणि सांकेतिक क्रमांक यांची यादी एकच असावी आणि ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे, वेगळ्या संगणकावर असावी. माहितीच्या फाइलसोबत ती कधीही जाऊ नये.

अर्ज कोणी करायचा हे सोपे आहे: उपचार करणारे डॉक्टर किंवा संस्था, पदव्युत्तर विद्यार्थी असेल तर मार्गदर्शकासह. कमिटीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाच्या ‘नैतिक’ पोर्टलवर असावी, आणि तिची मुदत संपलेली नाही हे आधी पाहून घ्या. खासगी दवाखान्याला बहुधा स्वतःची कमिटी नसते. तेव्हा मिरज, सांगली किंवा कराडच्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या कमिटीशी सामंजस्य करार करून तिच्याकडे अर्ज करता येतो. ‘५० किलोमीटरच्या आतलीच कमिटी लागते’ असे कुणी सांगितले तर घाबरू नका. ती अट २०१९ च्या नियमांत औषधांच्या क्लिनिकल ट्रायलसाठी आहे, केवळ माहिती देण्याच्या अभ्यासासाठी नाही.

‘आमचा अभ्यास परीक्षणातून सूट मिळण्याजोगा आहे’ असे स्वतःच ठरवून कामाला लागणारेही असतात. सूट देण्याचा अधिकार कमिटीचा. सूट हवी असेल तरी अर्ज करावाच लागतो. मंजुरीही पत्राच्या तारखेपासून लागू होते, मागच्या तारखेने मिळत नाही.

सगळ्यात जास्त घोळ संमतिपत्रात होतो. दाखल होताना घेतलेली सही उपचारासाठी असते. ती संशोधनाला चालत नाही. माहितीपत्रक मराठीत हवे, पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख हवी. दुरुस्ती झाल्यावर जुन्याच आवृत्तीवर सही घेतली, तर ती संमती धरत नाहीत. वाचता न येणाऱ्यांचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि संशोधन चमूतली नर्स किंवा समन्वयक साक्षीदार होऊ शकत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे साधारण ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी सहमती, म्हणजे मुलाचा स्वतःचा होकार, आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी सहमती लागते, तीही पालकांच्या संमतीशिवाय नव्हे, सोबत. फोटोची परवानगी वेगळी घ्या.

पालकांची सही हा आणखी एक अडथळा. वडील मुंबईला असतात, सही आईची मिळते. मुलाच्या माहितीपुरती, जोखीम किमान असेल तर, एका पालकाची संमती साधारणतः पुरते. पण मुलासोबत आईवडिलांचीही जनुकीय तपासणी होणार असेल, तर ते दोघे स्वतःच सहभागी ठरतात आणि प्रत्येकाची स्वतंत्र संमती लागते. आईने वडिलांच्या वतीने केलेली सही इथे निरुपयोगी आहे.

‘२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट आहे’ हा युक्तिवाद अर्ध्यावरच थांबतो. त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळायची, अशी त्या सुटीला अट आहे. निष्कर्ष पुन्हा त्याच मुलाच्या उपचारासाठी वापरणार असाल, तर सूट गृहीत धरू नका. आणि या सुटीने कमिटीची परवानगी टळत नाही.

अर्जासोबत आयसीएमआरचे सामाईक फॉर्म, प्रस्ताव, मुख्य संशोधकाची सही केलेली वैयक्तिक माहिती (सीव्ही), मराठी आणि इंग्रजी संमतिपत्रे आणि कोणते रकाने जाणार त्याचा कोरा तक्ता जोडायचा. यातले काही फारसे अवघड नाही. कुणाकडेच नसतो तो कागद म्हणजे माहिती हस्तांतर करार. त्यावर संशोधकाची नव्हे, माहिती देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही संस्थांच्या प्रमुखांची सही लागते, आणि ती फाइल टेबलांवर किती दिवस पडेल याचा नेम नसतो. म्हणून सुरुवात इथूनच करा. मुद्रांकावर करत असाल तर जुना १०० रुपयांचा कागद काढू नका. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात त्या जागी ५०० रुपयांचा लागतो. उद्देश, पुढे कुणालाही न देणे, रुग्ण ओळखण्याचा प्रयत्न न करणे, माहिती नष्ट करण्याची तारीख आणि माहिती फुटल्यास कळवण्याची मुदत, ही कलमे त्यात हवीतच. परदेशी संस्था असेल तर कमिटीनंतर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी घ्यावी लागते.

रुग्णाची कागदपत्रे ७२ तासांत देण्याचा नियमही चुकीचा वाचला जातो. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतली ती मुदत रुग्णाने, त्याच्या अधिकृत नातेवाइकाने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागितल्यास लागू होते. संशोधकाला दुसऱ्या हॉस्पिटलमधून त्या नियमावर कागद मिळत नाहीत, रुग्णाकडूनच मागवा. लवकर मागवा, कारण आंतररुग्णांच्या नोंदी जपण्याचे बंधन तीनच वर्षांचे आहे.

फाइल पाठवताना ७-झिप या फाइली बांधण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एईएस-२५६ कूटलेखन (एन्क्रिप्शन) लावा आणि फाइलींची नावे लपवण्याचा पर्यायही निवडा. नाहीतर पासवर्डशिवायही ‘पाटील_एमआरआय’ बाहेरूनच वाचता येते. पासवर्ड त्याच मेलमध्ये नको, फोनवर सांगा. डायकॉम फाइलच्या (एमआरआय, सीटीसारख्या तपासण्यांच्या चित्रांच्या फाइलच्या) आतल्या नोंदीत नाव आणि जन्मतारीख असते, सोनोग्राफीच्या चित्रावर तर नाव छापलेलेच असते. मोबाइलच्या फोटोत ठिकाण नोंदलेले असते. एक्सेलमधले लपवलेले रकाने पुसले जात नाहीत, नुसते दिसेनासे होतात. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्ट टाकू नका, ‘फक्त डॉक्टरांचा ग्रुप’ असला तरी.

पालकांसाठी एक गोष्ट. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली मिळणारी ५० लाखांपर्यंतची मदत निवडक उत्कृष्टता केंद्रांमार्फत उपचारासाठी मिळते. महाराष्ट्रात असे केंद्र मुंबईचे केईएम आहे. संशोधनाला नकार दिला म्हणून उपचार अडवता येत नाही. ‘सही करा, नाहीतर पुढचे काम होणार नाही’ असे कुणी म्हटले, तर संमतिपत्रावरच्या एथिक्स कमिटीच्या क्रमांकावर कळवा.

संमती मागे घेण्यासाठी संमतिपत्रावर संपर्क क्रमांक द्यावा लागतो. तिथे विद्यार्थ्याचा मोबाइल नको. तो तीन वर्षांनी निघून जातो. विभागाचा लँडलाइन द्या, आणि तो उचलला जातो का ते आधी पाहा.