निरोप घरच्यांच्या हातून : अंत्यविधी ठरवणाऱ्या कुटुंबांसाठी माहिती

आम्हाला येणारे बहुतेक फोन ‘सगळं तुम्हीच बघा’ असं सांगायला येतात, आणि आम्ही बघतोही. पण हल्ली काही घरांतून वेगळं विचारतात. आईला अंघोळ आम्हीच घालू का? मुलीने अग्नी दिला तर चालेल ना? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आहे. हे पत्रक अशा घरांसाठी आहे. वेळ यायच्या आधी वाचून ठेवलंत तर जास्त उपयोगी पडेल.

कायद्याला काय लागतं

फार थोडं. मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांचा दाखला, अंत्यविधीसाठी पालिकेचा पास आणि 21 दिवसांच्या आत मृत्यूची नोंद. माणूस घरी गेला असेल तर ज्यांचे उपचार चालू होते त्या डॉक्टरांना बोलवा. आजाराची फाइल आणि आधार कार्ड एका पिशवीत ठेवलं की अर्धी धावपळ वाचते. अपघात किंवा संशयास्पद काही असेल तर पोलिसांना कळवावंच लागतं. तिथे घाई करून भागत नाही.

अग्नी कोणी द्यायचा, याबद्दल कायदा काहीच म्हणत नाही. 1890 साली याच पुण्यात जोतीराव फुले गेले, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं (अंत्ययात्रेपुढे न्यायचं मडकं) धरलं आणि अग्नी दिला. भाऊबंद कुरकुरले तर एवढं सांगायला हरकत नाही.

पहिले काही तास

नेत्रदान करायचं असेल तर ते मृत्यूनंतर 6 तासांच्या आत व्हावं लागतं. पापण्या मिटवा, वर ओल्या कापसाचे बोळे ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि पंखा बंद करा. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, त्यांचं काम अर्ध्या तासाच्या आत आटोपतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. देहदानासाठी मात्र वैद्यकीय महाविद्यालयाशी आधी बोलून ठेवा. फॉर्म भरलेला असला तरी ऐनवेळी जवळच्या नातेवाइकांची संमती लागते, आणि पोस्टमॉर्टेम झालं असेल तर देह सहसा स्वीकारत नाहीत.

शरीर दोन-तीन तासांत ताठरायला लागतं. म्हणून हनुवटीखालून मऊ पट्टी बांधणं आणि हात-पाय सरळ करणं लगेच करून घ्या. घागरी ओतायलाच हव्यात असं नाही. कोमट पाण्यात पंचा पिळून अंग पुसलं तरी पुरे. साडी त्यांच्या रोजच्या वापरातली, सुती असावी. कोरी करकरीत साडी आणायला कुणालातरी बाजारात पिटाळतात, ते आम्हाला कधी पटलेलं नाही. नातवंडांनाही शेजारी पाठवून देऊ नका. एका घरी कॉलेजात जाणाऱ्या नातीने आजीची वेणी घातली. केस विरळ झालेले, वेणी जेमतेम बोटभर जाड. पण ती संपेपर्यंत तिरडीची घाई करणारे काकाही गप्प उभे राहिले.

तिरडीचे बांबू आणि सुतळी आम्ही आणतो. बांधायला घरातले दोघे-तिघे पुढे आले तर गाठी कशा मारायच्या ते आमचा माणूस दाखवतो.

स्मशानात

विद्युत किंवा गॅसदाहिनी असेल तर पेसमेकर आधी डॉक्टरांकडून काढून घ्यावाच लागतो, नाहीतर तो आत फुटतो. बरोबर काही ठेवायचं असेल तर चिठ्ठी, फुलं, तुळशीची माळ ठेवा. चष्मा, अत्तराची बाटली, सेल घातलेला रेडिओ घरीच राहू द्या. दाहिनीत साधारण दीड-दोन तास लागतात, बहुधा त्याच दिवशी अस्थी मिळतात. लाकडाच्या चितेला काही क्विंटल लाकूड लागतं आणि सावडायला नंतर पुन्हा यावं लागतं.

मंत्र हवे असतील तर आम्ही गुरुजींना सांगतो. नको असतील तर अभंग म्हणा, किंवा नुसते शांत उभे राहा. वैकुंठ स्मशानभूमीत गर्दीच्या वेळी मागे दुसरे लोक ताटकळत असतात, त्यामुळे भाषणं तिथे नकोत.

आठवणींचा कार्यक्रम

आमचं स्पष्ट मत : हा कार्यक्रम अंत्यविधीच्या दिवशी करू नये. त्या दिवशी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, परदेशातली मुलं विमानात असतात. दहा-पंधरा दिवसांनी, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा गच्चीवर करा. शोकसभेसारखं टेबल, हार घातलेला फोटो आणि ओळीने वक्ते असा थाट नको. त्यांच्या हातच्या वस्तू मांडा : हिशेबाच्या वह्या, शिवणाचा डबा, ट्रेकचे बूट. खायला त्यांचा हातखंडा पदार्थ करा, बिघडला तरी चालेल. ‘तिच्या हातची चव नाही’ यावरूनच गप्पा सुरू होतात. बोलायला कामवाल्या मावशींना आणि बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांनाही बोलवा, कारण घरच्यांना माहीत नसलेला माणूस तिथेच सापडतो. माइक मात्र एका खंबीर भाचीच्या हातात द्या. प्रत्येक कुटुंबात स्वतःबद्दलच बोलणारे एक मामा असतात.

अस्थी नदीतच सोडायला हव्यात असं नाही. शेतात किंवा अंगणात खड्डा करून त्यात राख मिसळायची आणि वर झाड लावायचं, हे गावोगावी केलं जातं. भाड्याच्या घरात राहत असाल तर झाड गावाकडच्या जमिनीत लावा.

आमच्याकडून

शववाहिका, शीतपेटी, तिरडीचं सामान, पास आणि नोंदणीची कागदपत्रं यांचे दर मागच्या पानावर आहेत. जे काम घरचे करतील त्याचे पैसे लावत नाही. फोन करताना तीनच गोष्टी सांगा : डॉक्टरांचा दाखला मिळाला का, नेत्रदान करायचंय का, आणि कुणाची वाट बघायची आहे. शीतपेटी आणायची की नाही, ते शेवटच्या उत्तरावर ठरतं.