टणक टायर म्हणजे वेगवान टायर? नाही हो

इंदुरात रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यावरची वेगवान सायकल, घ्यायला निघालेल्याला एक सल्ला हमखास मिळतो: टायर २३ मिमीचाच घे, १२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भर, मग बघ कशी पळते! सल्ला जुना आहे, आणि चुकीचा.

टायर गुळगुळीत, फिरत्या ड्रमवर पळवून घेतलेल्या चाचणीत जास्त हवा थोडी जिंकते, हे खरं. पण राऊहून महूकडे जाताना पायाखाली ड्रम नसतो. खडबडीत डांबरावर टणक टायर दबत नाही, उडतो. प्रत्येक हादऱ्याला सायकल आणि स्वार दोघंही उचलले जातात, आणि त्यात तुमच्याच पायांची ताकद जिरते. हाताला मुंग्या येतात, त्यालाच लोक वेग समजतात. शिवाय सारख्याच हवेत रुंद टायरचा जमिनीवरचा ठसा आखूड असतो. टायर कमी वाकतो, म्हणून हलका पळतो. टूर द फ्रान्सचे स्वारसुद्धा आता २८ मिमी किंवा त्याहून रुंद टायर लावतात.

सत्तरेक किलोच्या माणसाला २८ मिमीवर ७०-८० पीएसआयपासून सुरुवात करायला हरकत नाही. हुकलेस रिम (टायर अडकवणारी आतली कड नसलेली) असेल तर मात्र ७२च्या वर जाऊच नका.

आणि फ्रेम घेताना कार्बनची की धातूची हा वाद नंतर घाला. आधी विचारा, फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांमध्ये, किती रुंद टायर मावतो? जुन्या रिम-ब्रेकवाल्या (चाकाची रिम दाबून थांबणाऱ्या) फ्रेममध्ये बरेचदा २५लाच गाडी अडते.